आजाऱ्याचा देव

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे, आणि तो मोडताना मला थोडा संकोच वाटतो. पण आपल्या दिवाळीची सुरुवातच मुळी यमाच्या दिव्याने होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरातली बाई कणकेचा दिवा करते, त्यात तेल-वात घालते आणि तो दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून ठेवते. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेला करू देत नाहीत; त्या एका संध्याकाळी मात्र करतात. चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पुन्हा यमतर्पण, आणि भाऊबीजेचे शास्त्रातले नावच यमद्वितीया. करंज्या-चकल्यांच्या गडबडीत आपल्या पूर्वजांनी या पाहुण्यासाठी तीनदा पाट मांडून ठेवला आहे. मीही त्याच्यासाठी या अंकातली चार पाने मागितली, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

माझे थोरले बंधू नीरेच्या काठच्या एका गावी प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. घराणे वारकऱ्याचे. गळ्यात तुळशीची माळ, आणि बंडीच्या खिशात तंबाखूची चंची. या दोन गोष्टी एकाच देहावर नांदू शकतात याचे आमच्याकडे कोणालाही आश्चर्य वाटत नसे. २०११ साली त्यांच्या जिभेच्या कडेला एक जखम झाली आणि ती भरेना. तपासाअंती कर्करोग निघाला. पुण्याच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जिभेचा भाग काढावा लागला, आणि त्यानंतर रेडिएशन सुरू झाले. त्याला आमच्याकडे ‘शेक’ म्हणतात.

शेकाच्या आधी एक अडचण उभी राहिली. उपचाराच्या वेळी डोके-मान रेसभर हलू नये म्हणून रोग्याच्या मापाचा मुखवटा करतात. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर दाबतात. तो थंड झाला की त्याच आकारात घट्ट होतो. गळ्यात काही असून चालत नाही. आणि वारकऱ्याची माळ ही दागिना नव्हे. ती घालताना माणूस शब्द देतो, आणि तो शब्द मरेपर्यंतचा असतो. दादांनी माळेवर हात घट्ट धरला आणि मान हलवून नकार दिला. मी शिकलेला धाकटा भाऊ. मी लगेच समजूत घालू लागलो, की देव अंतःकरणात असतो, लाकडात नसतो वगैरे. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी गप्प झालो. तेवढ्यात यंत्रावर काम करणारा एक तरुण मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, “आजोबा, गळ्यातच पाहिजे का? मनगटाला गुंडाळली तर चालेल का? मी स्वतः बांधतो.” दादांनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. त्यानंतर रोज तो मुलगा माळ काढून मनगटाला बांधी आणि शेक झाला की पुन्हा गळ्यात घाली.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलाला वारकरी संप्रदायाची फारशी माहिती असेल असे वाटत नाही. पण त्याने एक गोष्ट केली, जी मी केली नाही. त्याने विचारले. मला उत्तर आधीच ठाऊक होते, म्हणून मी विचारले नाही.

आजाऱ्याच्या धर्माची गोष्ट निघाली की आपण निरोगी माणसे हाच घोटाळा करतो. त्याला काय हवे ते आपण परस्पर ठरवतो. कोणी अंगारा आणतो, कोणी पोथी, कोणी नवस बोलतो आणि वर त्यालाच ऐकवतो, की तुझ्यासाठी मी वर्षभर साखर सोडली. यांतले प्रेम खोटे नसते. पण खाटेवरचा माणूस दुखणे सहन करता करता आणखी एक ओझे उचलतो. आपण बरे झालो नाही, तर या सगळ्यांच्या नवसाचे काय, याचे. आजाऱ्याच्या उशाशी चाललेल्या धर्मकृत्यांपैकी कितीतरी आपण आपल्याच भीतीची समजूत घालण्यासाठी करत असतो. तशी करावीत, त्यात लाज नाही. फक्त ती त्याच्या नावावर मांडू नयेत.

याहून वाईट गोष्ट म्हणजे कर्मविपाकाचा हिशेब. दादांना भेटायला आलेले एक नातलग बाहेर व्हरांड्यात म्हणाले, “माळकरी माणूस, पण मागल्या जन्मीचं काही असेल. भोगल्याशिवाय सुटका नाही.” दार उघडे होते. आत ऐकू गेले असेल. आता तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे वैद्यकाने केव्हाच सिद्ध केले आहे, आणि ते मुलांना शाळेतच शिकवले पाहिजे. पण कारण सांगणे वेगळे आणि आरोप ठेवणे वेगळे. खाटेवर पडलेला माणूस ‘मलाच का?’ असे विचारतो, तेव्हा तो कारण विचारत नसतो. तो रडत असतो, एवढेच. फक्त त्याचे रडणे प्रश्नासारखे दिसते.

पापाचा हिशेब मांडणाऱ्यांनी दोन चरित्रे वाचावीत. रामकृष्ण परमहंस १८८६ च्या ऑगस्टमध्ये काशीपूरच्या बागेतल्या घरी गेले ते घशाच्या कर्करोगाने. रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली. ती पुनःपुन्हा कापली, पुनःपुन्हा आली, आणि १४ एप्रिल १९५० रोजी त्यांचा देह पडला. या दोघांच्या मागल्या जन्मीच्या पापांची यादी करायला कोणी बसणार आहे काय? रामकृष्णांच्या आजारपणातली मला सर्वांत हृद्य वाटते ती व्यक्ती त्यांच्या शिष्यांपैकी नव्हे. ते त्यांचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार. विज्ञानाच्या प्रसारासाठी कलकत्त्याला १८७६ साली संस्था काढणारा हा मनुष्य. रामकृष्णांना अवतार मानायला त्याने साफ नकार दिला, शिष्यांशी त्यावरून वाद घातले. रोग्याने बोलू नये अशी ताकीद द्यायचा, आणि स्वतः मात्र इतर रोगी ताटकळत ठेवून तासन्‌तास त्यांच्याशी बोलत बसायचा. श्रद्धा नसलेला डॉक्टर आणि श्रद्धेचा मूर्तिमंत पुतळा असलेला रोगी. दोघांनाही त्या बैठकांतून काही मिळत असले पाहिजे. त्यासाठी दोघांचे एकमत व्हावे लागले नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाला ही गोष्ट नव्याने शिकावी लागली, आणि ती शिकवणारी बाई मोठी विलक्षण. सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका होती, मग रुग्णालयात समाजसेविका झाली. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा एक चाळीस वर्षांचा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरत होता. ना घर, ना गणगोत. ती त्याच्याजवळ जाऊन बसे. एकदा त्याने तिला धीर देणारे काही बोलायला सांगितले. ती स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण त्याचा धर्म ओळखून तिने जुन्या करारातले एक स्तोत्र पाठ म्हटले. मग पुस्तकातून आणखी वाचू का, असे तिने विचारले. तो नको म्हणाला. त्याला पुस्तकातले नको होते. तिच्या मनात आणि हृदयात जे असेल तेवढेच हवे होते. मरताना त्याने तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवले. तिने काढावयाच्या घराला आपली एक खिडकी असावी, अशी इच्छा ठेवली. तिने पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतले, डॉक्टर झाली, आणि १९६७ साली लंडनमध्ये मरणासन्न रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे घर उघडले. खिडकी आधी मिळाली आणि तिच्याभोवती घर बांधायला एकोणीस वर्षे लागली. रोग्याची वेदना केवळ शरीराची नसते. मन, घरसंसार आणि आत्मा यांचे दुखणे तिच्यात एकत्र कालवलेले असते, हा तिचा सिद्धांत. मुंबईला वांद्र्याच्या टेकडीवर १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे आपल्या देशातले तशा प्रकारचे पहिले घर. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा शुश्रूषेची व्याख्या केली, तेव्हा शरीर आणि मन यांच्या जोडीला अध्यात्म हा शब्द तिच्यात घातला. म्हणजे आता हा भाविकांचा हट्ट राहिलेला नाही. औषधाच्या चिठ्ठीइतकीच ती शुश्रूषेची बाब आहे.

पण व्याख्येत शब्द घातला, म्हणून वॉर्डात ती गोष्ट घडते असे नाही. तिथे प्रश्न माळेसारखे बारीक असतात. केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, की साध्या जंतूचीही भीती असते. अशा वेळी कोणी प्रेमाने आणलेले तीर्थ-पंचामृत डॉक्टर बाजूला ठेवायला सांगतात, आणि घरच्यांना तो अधर्म वाटतो. त्याऐवजी घरी ताजा शिजवलेला गरम शिरा चालेल, एवढे जर कोणी सांगितले तर भांडण उरत नाही. रमजानच्या महिन्यात रोगी गोळी चुकवतो. आजाऱ्याने रोजा न धरता तो पुढे बरे झाल्यावर भरून काढावा, अशी मुभा कुराणातच आहे. त्याला ती ठाऊक असते. पण ती त्याच्या मौलवींच्या तोंडून ऐकावी असे त्याला वाटते, डॉक्टरच्या नव्हे. एकादशी मोडणाऱ्या म्हातारीचे तसेच. आणि ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याचे काय? माझे एक कट्टर नास्तिक स्नेही शेवटच्या महिन्यात आपल्या ग्रंथसंग्रहाची यादी करवून घेत होते. कोणते पुस्तक कोणाकडे जावे हे नावानिशी सांगत होते. त्यांच्या मुलीला ते फार अमंगळ वाटे. मला ती त्यांची संध्या वाटली.

वसईकडच्या एका ख्रिस्ती मित्राने मला एक गोष्ट सांगितली, ती या सगळ्याच्या मुळाशी जाते. त्यांच्यात आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार आहे. शतकानुशतके तो अगदी शेवटच्या घटकेला होत आला, म्हणून त्याचे नावच अंतिम तैलाभ्यंग असे पडले. परिणाम असा झाला, की पाद्री दारात दिसला की रोग्याला कळे, संपले. म्हणून घरची माणसे पाद्र्याला बोलवायलाच भीत. शुद्ध हरपल्यावर बोलवीत. ज्या संस्काराने धीर यायचा, तो माणसाला ऐकूही येत नसे. १९६३ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने सांगितले, की हा मरणाऱ्याचाच नव्हे, आजाऱ्याचा संस्कार आहे. आणि १९७२ मध्ये त्याचा विधीही बदलला. एवढ्या मोठ्या धर्मसंस्थेला हे करावे लागले, कारण घरोघरची माणसे प्रेमापोटी आजाऱ्यापासून त्याचे मरण लपवीत होती. आपल्याकडच्या गंगाजलाची आणि तुळशीपत्राची गोष्ट वेगळी आहे काय? जिवंत, शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वतः गंगाजल मागितले, तर आपण ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणतो. आणि घशात घोट उतरत नाही अशा वेळी तेच त्याच्या ओठांवर सोडतो.

इथे मला माझ्या स्वतःच्या अपराधाकडे यावे लागते.

दादांना आम्ही रोगाचे नाव सांगितले नव्हते. डॉक्टरांनाही सांगू दिले नाही. मीच त्यांना तशी विनंती केली, हात जोडून केली. कारण तेच, जे हजारो घरांत असते. त्यांना सोसणार नाही, ते हाय खातील. ‘जखम आहे, शेकाने भरेल’ असे आम्ही सांगत असू. ज्या इमारतीत आम्ही रोज जात होतो, तिच्या पाटीवर कर्करोग हा शब्द हातभर अक्षरांत लिहिलेला होता, आणि दादा मास्तर होते. तरीही आम्हाला वाटे, की आपण लपवले आहे.

जून संपत आला आणि माउलींची पालखी नीरेला येण्याचे दिवस आले. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घालतात. लहानपणापासून दादांनी ते कधी चुकवले नव्हते. जीभ गेल्यापासून ते पाटी-पेन्सिलीने बोलत. नाकात नळी, अंगात ताप, आणि रोग उलटल्याचे डॉक्टरांनी आम्हाला आठच दिवसांपूर्वी सांगितलेले. दादांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, ‘नीरा’. पुढे प्रश्नचिन्ह काढले. मास्तरांचे वळणदार अक्षर. मी म्हणालो, “दादा, गर्दी असते, धूळ असते. यंदा नको. पुढच्या वर्षी आपण आळंदीपासून पायी जाऊ.” ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली. आश्विनात ते गेले.

कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी जाऊन मरणाचा प्रश्न विचारतो, तेव्हा यमसुद्धा आधी त्याला भुलवू पाहतो. पुत्रपौत्र घे, हत्तीघोडे घे, हवे तेवढे आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. मी दादांना पुढच्या वर्षीची वारी देऊ केली, ती याच जातीची. फरक इतकाच, की यम शेवटी खाली बसला आणि बोलला. मी बसलो नाही. दादांना कोणाची क्षमा मागायची होती काय, कोणाला करायची होती काय, मला काही सांगायचे होते काय, हे आता कळण्याचा मार्ग नाही. आजाऱ्याच्या धार्मिक गरजांविषयी मी वर जे लिहिले, त्या साऱ्यांच्या आधी ही एक येते. आपण कुठे उभे आहोत, हे त्याला कळले पाहिजे. ज्याला घर सोडायचे आहे हेच सांगितलेले नाही, तो निरोप कोणाचा घेणार? आता याचा अर्थ असा नव्हे, की डॉक्टराने दारातच निकाल वाचून दाखवावा. काही माणसांना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचा हक्क. पण तुम्हाला किती ऐकायचे आहे, हे विचारता येते. त्या मुलाने माळेविषयी विचारले तसे.

पुढे केव्हातरी ग्लेसर आणि स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या १९६५ सालच्या पुस्तकाची माहिती माझ्या वाचनात आली. रुग्णालयांत बसून त्यांनी मरणाऱ्यांचे निरीक्षण केले होते. कधी रोग्यालाही ठाऊक असते, घरच्यांनाही ठाऊक असते, आणि दोघेही ठाऊक नसल्याचे नाटक एकमेकांसाठी वठवत राहतात, असे त्यांनी नोंदवले आहे. ते मला पटले. पण आपल्या घराशी मी ते ताडून पाहिले नाही.

२०१८ साली वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला. या वेळी मी काही लपवू शकलो नाही, कारण त्यांनी डॉक्टरांना माझ्यादेखतच बजावले, “जे असेल ते मला सांगा. भाऊजींना नंतर सांगा, ते घाबरतात.” त्या रुग्णालयात एक समाजसेविका होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत विचारले, “तुम्ही देवाचं काही करता का?”

“करत होते,” वहिनी म्हणाल्या. “सध्या बोलणं बंद आहे.”

दादा गेल्यापासून त्या पंढरीला गेल्या नव्हत्या. घरातल्या विठोबाला फूल वाहणेही त्यांनी सोडले होते. हे मला तेव्हा प्रथमच कळले. त्या बाईंनी उपदेश केला नाही, की समजूत घातली नाही. पुढच्या आठवड्यात आल्या, प्रकृतीची चौकशी केली, आणि उठताना सहज विचारले, “मग, बोलणं सुरू झालं का?” वहिनी हसल्या. केमोथेरपी सुरू झाल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले. पुढे दर खेपेस हा प्रश्न होई आणि दर खेपेस उत्तर नाही असे येई. गावाकडून आलेले अंगारे आणि पोथ्या त्या उशीखाली ठेवून देत. म्हणत, “पाठवणाऱ्याचं मन राहतं.” त्या बऱ्या झाल्या. बोलणे सुरू झाले की नाही ते मी विचारलेले नाही.

केमोथेरपीच्या शेवटच्या दिवशी सलाईन संपायची वाट पाहत आम्ही दोघेच बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, “वहिनी, दादांना मी खोटं सांगत राहिलो. त्याचं मला फार वाटतं.”

त्या बराच वेळ थेंबांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं होतं, की मला कळलंय, पण धाकट्याला कळू देऊ नकोस. तो एवढी धडपड करतोय, त्याचा धीर सुटेल. मी वाचलं, आणि त्यांनी लगेच पुसून टाकलं.”

“आणि नीरा?”

“तेही त्यांना ठाऊक होतं, पुढचं वर्ष नाही ते. म्हणून तर विचारलं तुम्हाला.”

मला काही सुचेना. पुष्कळ वेळाने मी विचारले, ती पाटी अजून आहे का.

“आहे की,” वहिनी म्हणाल्या. “दुधाचा हिशेब लिहिते मी तिच्यावर.”